ऑपरेशननंतरच्या गोळ्या नकोत, आधीचं इंजेक्शन मात्र वेळेवर हवं

पत्राचा सारांश: ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंच्या ६४ वर्षांच्या वडिलांचं उजव्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं आहे. चीर देऊन आत जाळी बसवणार आहेत. वडिलांना बऱ्याच वर्षांचा मधुमेह, एचबीए१सी (गेल्या तीनएक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.९. दिवसातून पाच-सहा सिगारेटी. लहानपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने अंगावर पुरळ उठलं होतं, असं आजी सांगत असे. सर्जन म्हणाले, ‘ऑपरेशनच्या आधी एक इंजेक्शन देऊ, नंतर अँटिबायोटिकची गरज नाही.’ यावरून घरात वाद पेटला आहे. डोंबिवलीच्या आत्यांचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक होतं, घरी आल्यावर आणखी सात दिवस गोळ्या. पुण्याचा भाऊ म्हणतो, हा सर्जन निष्काळजी दिसतो, बदला. सोसायटीखालचे ओळखीचे केमिस्ट सेफिक्सिम २०० या अँटिबायोटिकची स्ट्रिप चिठ्ठीशिवाय द्यायला तयार आहेत. ताई विचारतात, ‘सर्जनना न सांगता पाच दिवस गोळ्या दिल्या तर बिघडलं कुठे? आत जाळी राहणार आहे, साखर जास्त आहे, आणि आपल्याकडची हॉस्पिटलं काही परदेशासारखी नाहीत.’

ताई,

आधी उत्तर देतो, कारणं मागून. गोळ्या देऊ नका. एवढ्या कारणावरून सर्जनही बदलू नका. मात्र तुमच्या पत्रात नसलेला एक प्रश्न त्यांना जरूर विचारा: ते एक इंजेक्शन किती वाजता, कुठे आणि कोण देणार?

घरातला सगळा वाद ‘किती दिवस’ यावर चालला आहे. जखम पिकणार की नाही, हे मात्र बहुतेक वेळा ऑपरेशनच्या टेबलावरच ठरतं. चीर दिल्यापासून शेवटचा टाका पडेपर्यंत जखम उघडी असते आणि त्या वेळात जंतू आत पडतात. ते येतात मुख्यतः रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरून. त्वचा कितीही घासून पुसून निर्जंतुक केली तरी केसांच्या मुळाशी थोडे जंतू उरतातच. ते आत पडतील त्या वेळी जखमेत पाझरणाऱ्या रक्तात आणि द्रवात औषध पुरेसं असेल, तर मूठभर जंतू तिथेच संपतात. टाके घातल्यावर आत छोट्या छोट्या गुठळ्या राहतात. त्यांना रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पोटात गेलेली गोळी रक्तातून तिथवर नीट पोचत नाही. शिवाय दिवस-दोन दिवसांत जखमेच्या कडा वरून सांधल्या जातात आणि बाहेरून जंतू शिरायला फारशी वाटच उरत नाही. मग पुढचे पाच दिवस गोळी अडवणार कोणाला?

हे नवं ज्ञान नाही. बॉस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवलं होतं की जंतू आत जाण्याआधी किंवा त्याच सुमारास औषध दिलं तर ते काम करतं, तीन तास उलटल्यावर दिलं तर देऊन न दिल्यासारखं. १९९२ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या २,८४७ रुग्णांचा अभ्यास आला. चीर देण्याआधीच्या दोन तासांत इंजेक्शन मिळालेल्यांत जखमेचा संसर्ग ०.६ टक्के होता. दोन तासांहून आधीच दिलेल्यांत ३.८ आणि चीर दिल्यावर तीन तास उलटून गेल्यानंतर दिलेल्यांत ३.३ टक्के. म्हणजे उशीर जितका वाईट, तितकीच घाईही. या दुसऱ्या अर्ध्याकडे आपल्याकडे फारसं कोणी बघत नाही.

तुमची खरी काळजी तिथे असावी. अशा ऑपरेशनला साधारणपणे सेफाझोलिन हे अँटिबायोटिक शिरेतून देतात, बहुतेक प्रौढांना २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. ते चीर देण्याआधीच्या तासाभरात जायला हवं. या औषधाचं रक्तातलं प्रमाण दर दोनएक तासांनी निम्म्यावर येतं. आता नेहमीचा गोंधळ पाहा. ऑपरेशन नऊ वाजता म्हणून वॉर्डातल्या सिस्टर साडेसातला इंजेक्शन देऊन मोकळ्या होतात. मध्येच एक इमर्जन्सी येते, यादी सरकते आणि वडिलांना टेबलावर घेतात एक वाजता. फाइलवर ‘दिलं’ अशी खूण असते, अंगात औषध जवळजवळ नसतं. म्हणून हे इंजेक्शन ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), भूलतज्ज्ञांनी, भूल देताना द्यावं ही पद्धत सर्वांत सुरक्षित. वॉर्डात दिलं गेलं आणि नंबर लांबला, तर ‘सकाळचा डोस साडेसातला झालाय’ हे ओटीत नेणाऱ्याला आणि भूलतज्ज्ञांना तुम्ही स्वतः सांगा. त्यात भीड बाळगू नका. चीर देण्याआधी सर्वांनी थांबून तपासायची जागतिक आरोग्य संघटनेची एक यादी आहे, तिच्यात ‘गेल्या ६० मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का’ हा प्रश्नच आहे. तुम्ही काही जगावेगळं विचारत नाही.

हर्नियाला तास-दीड तास लागतो, त्यामुळे एक डोस पुरतो. ऑपरेशन चार तासांवर गेलं किंवा दीड लिटरहून जास्त रक्त गेलं तर टेबलावरच दुसरा डोस देतात. टाके झाले की संपलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१७ मध्ये हेच सांगितलं: संसर्ग टाळण्यासाठी म्हणून दिलेलं अँटिबायोटिक ऑपरेशननंतर पुढे चालू ठेवू नये. जखमेत नळी ठेवली आहे, हेही पुढे चालू ठेवायचं कारण नव्हे. २०२० मध्ये ५२ चाचण्या, मिळून १९ हजारांहून जास्त रुग्ण, एकत्र करून पाहिले गेले. बाकीची काळजी नीट घेतलेली असेल तर नंतरच्या डोसांनी संसर्ग कमी झाल्याचं दिसलं नाही. तेव्हा तुमच्या सर्जनचं सांगणं निष्काळजीपणाचं नाही. उलट, चार गोळ्या जास्त लिहून नातेवाइकांना खूश ठेवणं त्यांना जास्त सोपं गेलं असतं.

आत्यांचं उदाहरण घरात ठामपणे मांडलं जात असणार. त्यांची जखम पिकली नाही, छानच झालं. पण आधी ठरवून केलेल्या अशा ऑपरेशनांत शंभरातल्या नव्वदाहून जास्त जखमा एरवीही पिकत नाहीत. बारा दिवसांच्या औषधाने त्या वाचल्या की आधीच्या एका डोसाने, की कशानेच नव्हे, हे एका माणसावरून कळायला मार्ग नाही. हाच हिशेब उलट्या बाजूनेही धरा: एक इंजेक्शन घेऊन एखाद्याची जखम पिकलीच, तर ती गोळ्या न दिल्यामुळे पिकली असंही ठरत नाही.

केमिस्टकाकांच्या स्ट्रिपबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ठाण्यातल्या निम्म्या घरांत ही गोळी डब्यात सापडेल. हर्नियाच्या जखमेत मुख्य भीती असते स्टॅफिलोकॉकस या त्वचेवरच्या जंतूची, आणि सेफिक्सिमचा नेमका त्याच जंतूवर जोर फार कमी. ‘वरच्या पिढीचं’ अँटिबायोटिक म्हणजे जास्त ताकदीचं, ही समजूत इथे साफ फसते. जुनं, पहिल्या पिढीचं सेफाझोलिन या कामाला कितीतरी सरस आहे. म्हणजे पाच दिवसांत दहा गोळ्या खाऊन ज्या जंतूसाठी खाल्ल्या त्याला धक्का लागायचा नाही. बसेल तो आतड्यातल्या जंतूंना, आणि जुलाब लागतील. ओली जखम जांघेत असताना दिवसातून सहा वेळा संडासला पळणं म्हणजे काय, ते वडिलांनाच कळेल. गरज नसताना लांबवलेल्या अँटिबायोटिकने क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचे चिवट जुलाब आणि मूत्रपिंडाला इजा, दोन्हींचा धोका वाढतो. ६४ वर्षांच्या मधुमेही माणसाच्या मूत्रपिंडाशी असला खेळ नको. आणि काकांना सांगा, सेफिक्सिम शेड्यूल एच१ या कडक नियमांच्या सरकारी औषधयादीत आहे. मार्च २०१४ पासून ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करून ती तीन वर्षं जपावी लागते.

सर्जनना न सांगता देण्यातला सगळ्यात मोठा तोटा याहून वेगळा आहे. समजा सातव्या दिवशी जखमेतून पू आला. सर्जन तो कल्चरला पाठवतील, म्हणजे नेमका कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं हे कळेल. पोटात आधीच गोळ्या असतील तर कल्चरमध्ये काही उगवत नाही, आणि मग उपचार अंदाजाने करावे लागतात. जाळी असलेल्या जखमेत अंदाज चुकला तर जाळी काढण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

जाळी आहे म्हणून जास्त दिवस औषध हवं, हा तुमचा तर्क समजण्यासारखा आहे. जाळीमुळे धोका थोडा बदलतो हे खरंच, म्हणून तर ते एक इंजेक्शन देतात. पण जंतू एकदा जाळीला चिकटून त्यांनी वर आपला थर बांधला की साध्या गोळ्या त्या थरात शिरत नाहीत. ते चिकटूच नयेत याची वेळ पुन्हा तीच, चीर ते टाका.

‘आपली हॉस्पिटलं परदेशासारखी नाहीत’ या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, तो झटकून टाकणार नाही. फक्त त्यातून गोळ्यांचा निष्कर्ष निघत नाही. हॉस्पिटलात मुरलेले जंतू बऱ्याचदा याच नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारे असतात. आणि उपकरणं नीट निर्जंतुक झाली नसतील तर त्याची भरपाई कुठलीही स्ट्रिप करत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनांनंतर तीन-चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, पोटावरच्या छिद्रांपाशी गाठी येतात, थोडा थोडा स्राव येत राहतो, नेहमीची अँटिबायोटिकं देऊन काही हलत नाही. असे रुग्ण आपल्याकडे दिसतात. त्यामागे क्षयाच्या जंतूंचे चुलतभाऊ असतात. उपकरणं ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात पुरेसा वेळ न बुडवणं किंवा नंतर नळाच्या पाण्याने धुणं, ही त्याची नेहमीची कारणं. तेव्हा हॉस्पिटलबद्दल शंका असेल तर ‘उपकरणं ऑटोक्लेव्ह होतात ना?’ (म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) हे विचारा. सर्जन बदलायचाच असेल तर या उत्तरावरून बदला.

आता पेनिसिलिनची गोष्ट. ती दडवू नका आणि नुसतं ‘अ‍ॅलर्जी आहे’ असंही सांगू नका. भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा नेमकं सांगा: वय काय होतं, नुसतं पुरळ होतं की ओठ-चेहरा सुजला होता, श्वास लागला होता का, चक्कर येऊन पडले होते का, आणि त्यानंतर आयुष्यात कधी अमॉक्सिसिलिन (हेही पेनिसिलिनच्याच घराण्यातलं) घेऊन काही झालं नाही असं घडलंय का. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांना तपासणीत ती निघत नाही. शिवाय सेफाझोलिनची रचना पेनिसिलिनपेक्षा इतकी वेगळी आहे की दोन्हींची एकत्र अ‍ॅलर्जी फार क्वचित असते. माहिती अर्धवट असली की डॉक्टर नाइलाजाने क्लिंडामायसिन किंवा व्हॅन्कोमायसिनकडे वळतात. खरी गंभीर अ‍ॅलर्जी असेल तेव्हा ती योग्यच. पण व्हॅन्कोमायसिन हळूहळू, निदान तासभर सोडावं लागतं. भराभर सोडलं तर अंग लाल होतं, खाज सुटते, रक्तदाब उतरतो. म्हणजे ते दोन तास आधी सुरू करायला हवं, आणि तिथे वेळेचा घोळ व्हायची शक्यता आणखी वाढते.

ज्या गोष्टी खरोखर तुमच्या हातात आहेत त्या या महिनाभरातल्या आहेत, आणि मला विचाराल तर गोळ्यांच्या वादात त्याच मागे पडल्या आहेत. ८.९ चा एचबीए१सी. हर्निया ठरवून करायचं ऑपरेशन आहे. गाठ झोपल्यावर आत जात असेल, दुखत नसेल, तर साखर आटोक्यात आणायला पाच-सहा आठवडे थांबायला हरकत असते का, हे सर्जनना स्पष्ट विचारा. (गाठ कडक झाली, आत जाईना, दुखू लागली, उलट्या झाल्या तर मात्र एक तासही थांबू नका.) ऑपरेशनच्या दिवशी आणि पुढे दोन-तीन दिवस साखर २०० च्या आत राहायला हवी, कारण त्यावर गेली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच मंदावतात. वडिलांच्या मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन आहे का तेही बघा. ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करतात. याचा संसर्गाशी संबंध नाही. उपाशी पोटी तिने रक्तातलं आम्ल वाढू शकतं. गोळी बंद करायची ती मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारूनच. सिगारेट किमान चार आठवडे आधी सुटायला हवी. वडिलांना ‘कमी करा’ म्हणून काही होत नाही, पूर्ण सुटायला हवी. त्याने जखमेचा रक्तपुरवठा सुधारतो आणि खोकलाही कमी होतो. खोकल्याने हर्नियाचे टाके ताणले जातात ते वेगळंच.

ठाण्याच्या दमट हवेत आणखी एक गोष्ट हमखास निघते: जांघेतलं गजकर्ण. पुरुष लाजेने सांगत नाहीत आणि चीर नेमकी तिथेच जवळ द्यायची असते. त्वचा खाजरी, लालसर, सोललेली असेल तर आत्ताच त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका, त्याने वरून बरं दिसतं आणि आत पसरतं. गळू, लघवीची जळजळ, पिकलेला दात यांतलं काही असेल तर तेही ऑपरेशनआधी निस्तरायचं.

आदल्या रात्री आणि सकाळी साबणाने नीट आंघोळ, धुतलेले कपडे, कापलेली नखं. आंघोळीनंतर तेल, पावडर, चंदन काही नको. आणि ब्लेडने केस काढू नका, घरी तर नाहीच. आदल्या रात्री वॉर्डबॉय वस्तरा घेऊन येतो ही जुनी रीत अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे. वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि रात्रभर त्यात जंतू वाढतात. केस आड येत असतील तरच, आणि त्याच दिवशी, क्लिपरने (केस कापायच्या मशीनने) कापतात. ‘शेव्हिंग नको, क्लिपर आहे का?’ एवढंच विचारायचं. ओटीत जाईपर्यंत अंगावर चादर असू द्या. अंग गार पडलं की त्वचेचा रक्तपुरवठा आक्रसतो आणि औषधही कमी पोचतं.

टाके घालून झाल्यावर पट्टी ४८ तास कोरडी ठेवतात, त्यानंतर बहुतेक सर्जन साध्या पाण्याने आंघोळ करू देतात. जखमेवर हळद, पावडर, अँटिबायोटिकचं मलम यातलं काही नको. पहिल्या आठवड्यात जांघ आणि वृषणाची पिशवी काळीनिळी दिसेल, थोडी सूज येईल, चिरेखाली दोरीसारखं कडक लागेल, घाबरू नका. हर्नियानंतर कधी कधी नुसतं पाणी साठून फुगवटा येतो, तो संसर्ग नव्हे, बहुतेकदा आपोआप जिरतो. कोणी उत्साहाने सुई घालून पाणी काढतो म्हणाला तर आधी सर्जनना फोन करा, त्या सुईनेच जंतू आत जाऊ शकतात. काळजीचं ते असं: चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं उतरायच्या ऐवजी चढू लागणं, लाली पसरत जाणं, पू, घाण वास, टाके उसवणं, १००.४ च्या वरचा ताप. जाळी असल्यामुळे ९० दिवसांपर्यंत यातलं काही झालं तरी सर्जनना दाखवायचं, ‘टाके कधीच निघाले’ म्हणून सोडायचं नाही.

एक अपवाद मनात ठेवा. आत गेल्यावर आतडं अडकून काळं पडलेलं सापडलं, किंवा आधीपासूनच पू असला, तर सर्जन नंतरही काही दिवस अँटिबायोटिक देतील. तो झालेल्या संसर्गाचा उपचार असतो. तेव्हा ‘तुम्हीच म्हणाला होतात एकच डोस’ म्हणून वाद घालू नका.

असंच पत्र लिहिण्याच्या बेतात असलेल्या इतरांसाठी थोडक्यात. पित्ताशयाचं दुर्बिणीचं ठरवून केलेलं ऑपरेशन असेल आणि रुग्ण कमी जोखमीचा असेल, तर ते एक इंजेक्शनही लागतंच असं नाही. सिझेरियनला इंजेक्शन चीर देण्याआधी द्यायचं. बाळाची नाळ कापल्यावर देण्याची पद्धत जुनी झाली. गुडघा बदलताना मांडीला रक्त अडवणारा पट्टा आवळण्याआधी पूर्ण डोस आत गेलेला हवा, आणि नंतर काही दिलंच तर २४ तासांच्या आत थांबवायचं.

भावाला हे पत्र वाचायला द्या आणि पुढच्या भेटीला सर्जनसमोर त्याला फोनवर घ्या, म्हणजे मधल्यामध्ये तुम्ही भरडल्या जाणार नाही. त्याच भेटीत आणखी एक गोष्ट कागदावर लिहून घ्या: डिस्चार्जनंतर रात्री किंवा रविवारी जखमेबद्दल शंका आली तर कुणाला फोन करायचा, आणि ते नसतील तर त्यांच्या जागी कोण. संध्याकाळी घोडबंदर रोडवरून हॉस्पिटलला पोचायला दीड तास लागू शकतो, त्यामुळे पू दिसल्यावर नंबर शोधत बसायला नको. जखमेचा फोटो पाठवायचा असेल तर दिवसाच्या उजेडात, रोज एकाच अंतरावरून काढा आणि लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. ती रेघ ओलांडली की नाही, हे सर्जनना फोनवरही सांगता येईल.